घरच्या खोलीत एकट्याने लो-फाय अल्बम मुद्रित करताना: आधी काय, मग काय

‘जरा ऐकून सांगा, कुठे चुकते आहे’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरगुती ध्वनिमुद्रणांत एकच गोष्ट बिघडलेली असते. वाजवणारा गिटार, बास, कीबोर्ड आणि थोडाफार तबला बरा वाजवतो, गळाही ठीक असतो, माइक स्वस्त असला तरी चालण्याजोगा असतो; चुकलेला असतो तो क्रम. चौघांच्या बँडमध्ये एक जण घसरला तर दुसऱ्याकडे पाहून सावरतो. सगळी वाद्ये स्वतःच वाजवणाऱ्याला सावरायला असतो तो फक्त आपणच आधी मुद्रित केलेला ट्रॅक (एका वाद्याचे स्वतंत्र मुद्रण), आणि तोच डळमळीत असेल तर पुढचे सात ट्रॅक त्या डळमळीशी इमानाने जुळवून घेतात.

दुसरा घोळ ‘लो-फाय’, म्हणजे मुद्दाम जुनाट आणि कच्चा ठेवलेला आवाज, या शब्दाचा आहे. टेपची सळसळ, किंचित हेलकावणारा सूर आणि वरचे दबलेले स्वर या गोष्टी ठरवून, शेवटी, तयार गाणे कॅसेटमधून नेऊन (टप्पा ८) आणायच्या असतात. फाटलेला आवाज, पंख्याची घरघर आणि न जुळलेला सूर या गोष्टी पहिल्या दिवशी शिरतात आणि मग निघत नाहीत. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करावेत.

टप्पा १: प्रत्येक गाण्याचा एक कागद

मुद्रणाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक गाण्यासाठी एक कागद तयार करावा. त्यावर पट्टी, लय (मिनिटाला किती मात्रा), ध्रुवपद आणि अंतऱ्यांची मांडणी, आणि वाजणाऱ्या वाद्यांची यादी लिहावी. यादी आठ ट्रॅकांच्या वर जाऊ देऊ नये. संगणक शंभर ट्रॅक देतो, म्हणून निर्णय पुढे ढकलले जातात, आणि लो-फाय पॉपचा जो मोकळा, जवळून ऐकू येणारा आवाज आपल्याला हवा असतो तो कमी ट्रॅकांतूनच येतो.

पट्टी बसून, गुणगुणत ठरवू नये. उभे राहून, पूर्ण आवाजात, अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर सलग पाच वेळा लावून पाहावा. रात्री गुणगुणताना काळी चार सोपी वाटते आणि प्रत्यक्ष मुद्रणात तिसऱ्या टेकला, म्हणजे तेच तिसऱ्यांदा गाताना, घसा बसतो.

शब्द स्वतःचे नसतील तर त्यांचा निकालही इथेच लावावा. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. बालकवी १९१८ मध्ये आणि मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांना चाल लावायला अडचण नाही; कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितेसाठी लेखी परवानगी लागते. ‘घरीच तर केले आहे’ हे कारण प्रकाशनानंतर चालत नाही.

तपासणी: कागद पाहून गाणे फक्त गिटार आणि गळ्यावर सलग वाजवता येते का? येत नसेल तर गाणे अजून मुद्रणाला तयार नाही.

टप्पा २: खोली

घरगुती मुद्रणात सर्वांत जास्त पैसे माइकवर आणि सर्वांत कमी विचार खोलीवर खर्च होतो. पंखा, एसी, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद असताना दोन मिनिटे डोळे मिटून बसावे आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढावे: लिफ्टची मोटर, खिडकीतली कबुतरे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. या आवाजांचे वेळापत्रक असते, आणि आपले वेळापत्रक त्यानुसार लावावे लागते. पुण्यात राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाआधीच्या दोन महिन्यांतल्या संध्याकाळी गायनासाठी धरूच नयेत. ढोल-ताशा पथकांचा सराव कोणत्याही रजईला जुमानत नाही. मे महिन्यात पंखा बंद ठेवून वीस मिनिटांच्या वर काम होत नाही, म्हणून वीस मिनिटे मुद्रण आणि दहा मिनिटे पंखा असा हिशेब ठेवावा.

आता रजईविषयी, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण उलटे करतो. घरगुती मुद्रणात वापरले जाणारे बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि मागच्या बाजूला बरेचसे बहिरे असतात. माइकच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या मागची भिंत माइकला थेट ‘दिसते’. म्हणून गोधडी किंवा जाड रजई गायकाच्या पाठीमागे टांगावी. माइकच्या मागे टांगलेल्या रजईचा उपयोग फारच थोडा होतो. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याकडे पाठ करून उभे राहिल्यास पहिला खर्च वाचतो.

सावधान: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नयेत. ते बाहेरचा आवाज अडवत नाहीत, खालच्या स्वरांवर त्यांचा काही परिणाम होत नाही, आणि ते चटकन पेट घेतात.

खोली चौरस असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११३ हर्ट्झच्या आसपासचे स्वर काही जागी घुमतात आणि काही जागी जवळजवळ नाहीसे होतात. बासचे बरेच स्वर याच पट्ट्यात येतात. त्यामुळे खोलीच्या बरोबर मध्यभागी बसून बास कमी-जास्त ठरवू नये. तो निर्णय हेडफोनवर पडताळावा.

टप्पा ३: जोडणी आणि पातळी

मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. ‘शेवटी खराबच करायचे आहे तर मुद्रण चांगले कशाला’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. चांगल्या मुद्रणाला हवे तेवढे खराब करता येते. उलट होत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमधला एक मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे चार मिनिटांच्या, आठ ट्रॅकांच्या गाण्याला पावणेतीनशे-तीनशे मेगाबाइट लागतात. त्यात टाकून दिलेले टेक धरून दहा गाण्यांसाठी पंधरा-वीस गिगाबाइट मोकळे ठेवावेत.

गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, लावताना गाण्यातला सर्वांत मोठा भाग खरोखरच्या जोराने वाजवावा आणि उच्चतम पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावी. मीटर लाल होईपर्यंत गेन चढवण्याची सवय टेपच्या काळातली आहे. संगणकात शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो फाटलेपणा टेपसारखा उबदार नसतो.

गिटार किंवा बास थेट जोडताना इंटरफेसवरचे (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या पेटाऱ्यावरचे) वाद्याचे बटण दाबावे, अन्यथा आवाज मातकट येतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. डायनॅमिक माइकला लागत नाही, आणि जुन्या रिबन माइकला तो चुकूनही देऊ नये. सलग गुणगुण ऐकू येत असेल तर ती बहुधा आपल्या विजेची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली असते. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा आणि सगळी उपकरणे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावीत. चार्जरची तिसरी पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

आता उशिराचा प्रश्न. संगणकाचा बफर (तो एका वेळी साठवून घेत असलेले आवाजाचे नमुने) १०२४ वर असेल तर ४८ किलोहर्ट्झला आवाज एका दिशेनेच सुमारे २१ मिलिसेकंद मागे पडतो, आणि एवढ्या उशिरात तबल्याचा ठेका धरता येत नाही. मुद्रण करताना बफर १२८ किंवा त्याखाली ठेवावा, किंवा इंटरफेसवरूनच थेट ऐकावे. मात्र थेट ऐकत असाल तर सॉफ्टवेअरमधले ऐकणे बंद करावे, नाहीतर स्वतःचाच आवाज दोनदा येतो. मिक्सच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवण्याच्या, वेळी बफर पुन्हा वाढवता येतो.

तपासणी: हेडफोनची एक वाटी माइकला चिकटवून क्लिक (लय धरायला संगणक देतो तो ठोका) वाजवावी आणि ती नव्या ट्रॅकवर मुद्रित करावी. मग दोन्ही क्लिक पडद्यावर मोठ्या करून पाहाव्यात. मुद्रित क्लिक मूळ क्लिकच्या मागे असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तेवढी दुरुस्ती भरावी. ही दोन मिनिटांची चाचणी न केल्यामुळे संपूर्ण अल्बम ‘लयीत कच्चा’ ठरलेला मी पाहिला आहे. वाजवणारा बिचारा अगदी लयीत होता.

टप्पा ४: सूर कोणाचा, हे आधी ठरवणे

ज्या वाद्याचा सूर बदलता येत नाही, ते वाद्य राजा असते. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळायचे. आपल्याकडे हा राजा बहुधा पेटी असतो. माझ्या घरची पेटी ट्यूनरवर साधारण १८ सेंट (लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे १०० सेंट) चढी आहे, आणि हे मला चार गाण्यांची गिटार, बास आणि गायन पूर्ण झाल्यावर, शेवटची सजावट म्हणून पेटी वाजवायला बसल्यावर कळले. पेटी खाली येणार नव्हती. चारही गाणी पुन्हा केली.

पेटी अल्बममध्ये कुठेही वाजणार असेल तर गाण्यात लागणारे तिचे सगळे स्वर आधी एकेक करून ट्यूनरवर पाहावेत, कारण सगळ्या पट्ट्या सारख्याच चढ्या नसतात. सरासरी १८ सेंट चढी असेल तर ट्यूनरचा पाया ४४० ऐवजी ४४४.६ हर्ट्झवर न्यावा, गिटार आणि बास त्यावर लावावेत, आणि कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्येही तोच आकडा भरावा. पेटी तपासताना भाता मध्यम जोराने चालवावा. जोर वाढला की पट्टीचा सूर किंचित उतरतो.

पावसाळ्यात चामडे ढिले पडते आणि लाकूड ओल धरते. एसी चालवून खोली कोरडी करावी, मग तो बंद करून सूर लावावा. बंद केल्यावर ओल पुन्हा वाढते, म्हणून तबला, ढोलकी आणि गिटार यांचा सूर प्रत्येक टेकनंतर पाहावा, दर गाण्याला नव्हे.

टप्पा ५: वाद्यांचा क्रम

स्वतःचे सर्वांत आवडते वाद्य सर्वांत आधी वाजवण्याचा मोह आवरावा. क्रम असा ठेवावा:

१. क्लिक आणि कच्चा ट्रॅक. क्लिकवर गिटार किंवा कीबोर्ड आणि गळा एकत्र, साधेपणाने मुद्रित करावा. हा ट्रॅक शेवटी पुसायचा आहे, पण गाण्याचा नकाशा तोच असतो. ध्रुवपदात लय मिनिटाला दोन-तीन मात्रांनी वाढवायची असेल तर ती क्लिकमध्येच, इथेच वाढवावी.

२. ताल. तबला, ढोलकी, शेकर किंवा ड्रम मशीन, जे असेल ते. ते कच्च्या ट्रॅकमधले गायन ऐकत वाजवावे. नुसत्या क्लिकवर वाजवलेला ताल बरोबर असतो आणि गाण्याशी त्याचे काही देणेघेणे नसते.

३. बास. ताल झाल्याशिवाय बास वाजवू नये. बासचा स्वर कुठे सुरू होतो याइतकेच तो कुठे थांबतो हे महत्त्वाचे आहे. अनेक जण थांबण्याकडे लक्ष देत नाहीत आणि मग मिक्समध्ये सगळे चिकट होते.

४. गिटार, पेटी, कीबोर्ड. अकूस्टिक गिटारचा माइक भोकासमोर ठेवू नये. बाराव्या फ्रेटच्या दिशेने, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवावा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला न ठेवता वरून, पट्ट्यांच्या अंगाने ठेवावा. एका वाद्याला एकच माइक वापरावा. दोन माइकांचा मोह झाला तर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये एकत्र ऐकावेत. आवाज पातळ झाला तर एक काढून टाकावा.

५. गायन, आणि त्यानंतरच बारीकसारीक: टाळ्या, घंटी, शिट्टी, दुसरी सुरावट.

दर वाद्याला तीन टेकची मर्यादा ठेवावी. चौथ्या टेकला हात थकतो आणि कान हट्टी होतो. तीनही नीट नसतील तर चूक वादनात नाही, तयारीत आहे. ते वाद्य दुसऱ्या दिवशी घ्यावे.

सावधान: एकट्याने काम करताना बटण दाबून वाद्याकडे धावावे लागते आणि पहिली आवर्तने त्या धांदलीत जातात. दोन आवर्तनांऐवजी चार आवर्तनांची क्लिक आधी ठेवावी आणि बसून, श्वास खाली आल्यावर सुरुवात करावी. प्रत्येक बैठकीत खोलीची तीस सेकंदांची शांतताही मुद्रित करून ठेवावी. पुढे दोन टेक जोडताना मधली भोके तिनेच बुजतात.

टप्पा ६: गायन

माइक ओठांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा बाजूला, तिरपा ठेवावा. मराठीत ‘भ’, ‘फ’, ‘ख’ भरपूर असतात, आणि त्यांचा वारा माइकच्या पडद्यावर थेट आपटला की जो ‘भप्’ येतो तो नंतर काढता येत नाही. जाळीचा फिल्टर वापरावाच, पण तिरपेपणाने जे साधते ते केवळ जाळीने साधत नाही.

दुसरी अडचण ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तला ‘च’ यांची. खोलीत ते बोचत नाहीत. पुढे कॅसेटमधून गेल्यावर मात्र त्यांचा चुरा होतो, कारण कॅसेट वरचे जोरदार स्वर झेपवू शकत नाही. त्यामुळे गातानाच असे वर्ण मऊ उच्चारावेत आणि मिक्समध्ये ते टेपकडे जाण्यापूर्वी दाबावेत.

एकाच आवाजावर दुसऱ्यांदा तेच गाऊन जाडी आणण्याची पद्धत लो-फाय पॉपमध्ये सर्रास वापरली जाते. त्यात दुसऱ्या ट्रॅकवर शब्दाच्या शेवटची व्यंजने जवळजवळ गिळून टाकावीत. ‘वाट’ हा शब्द दोन्हीकडे स्पष्ट म्हटला तर ‘ट’ दोनदा ऐकू येतो, आणि कितीही सराव केला तरी तो दोन्ही वेळा एकाच क्षणी पडत नाही.

टप्पा ७: मिक्स

मुद्रण आणि मिक्स यांच्यात किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. काल जो वाजवत होता, त्याच माणसाने आज ऐकणारा व्हायचे आहे, आणि हा बदल एका रात्रीत होत नाही. स्वतःच्या अवघड गिटारच्या जागेला मिक्समध्ये वाजवीपेक्षा मोठे करणे ही एकट्या वादकाची खास चूक आहे. ती मी दर वेळी करतो आणि दर वेळी दोन दिवसांनी सुधारतो.

सुरुवात गळ्यापासून करावी, त्याखाली ताल, मग बास, आणि उरलेले शेवटी आणावे. बास आणि खालचा ताल सोडून बाकी ट्रॅकांवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. सगळे मिक्स मोनोमध्ये, हळू आवाजात करावे. मोनोमध्ये शब्द कळत असतील तर डावे-उजवे मांडणे अर्ध्या तासाचे काम आहे.

सावधान: ‘जुना आवाज’ यावा म्हणून प्रत्येक ट्रॅकवर वेगळी सळसळ किंवा रेकॉर्डची खरखर घालू नये. सारख्या पातळीचा गोंगाट असलेले ट्रॅक दुप्पट झाले की एकूण गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे एकावरून आठ ट्रॅकांपर्यंत ९ डेसिबल.

तपासणी: मिक्स फोनच्या स्पीकरवर लावून दुसऱ्या खोलीत जावे. बासचा सूर नाही कळला तरी चालेल, पण ध्रुवपदाचे शब्द कळायलाच हवेत.

टप्पा ८: कॅसेटमधून नेणे

सर्वाधिक अल्बम बिघडतात ते इथे. गिटार एकदा, गळा एकदा, पेटी एकदा अशी वेगवेगळी कॅसेटवर पाठवून परत आणली की ती एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. कॅसेटचा वेग ठरावीक, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असायला हवा. घरगुती यंत्रात तो थोडा कमी-जास्त असतो आणि दर वेळी तंतोतंत तोच राहत नाही. अर्धा टक्का फरक पडला तर तीन मिनिटांच्या गाण्यात ०.९ सेकंदाची तफावत होते. एक टक्का फरकाने सूर १७ सेंट हलतो.

त्यामुळे दोनच मार्ग ठेवावेत. पहिला, पूर्ण तयार मिक्स एकदाच कॅसेटवर पाठवून परत घेणे. दुसरा, मला अधिक आवडणारा: केवळ वाद्यांचे मिक्स कॅसेटवरून परत आणून त्यावर गायन नव्याने मुद्रित करणे. वाद्ये एकत्र हेलकावतात, गळा स्वच्छ राहतो आणि ‘च’चा प्रश्नही सुटतो. यात गाण्यापूर्वी परत आलेल्या मिक्सचा सूर ट्यूनरवर पाहावा. यंत्राच्या वेगामुळे गाण्याची लय थोडी बदललेली असल्याने जुनी क्लिक आता निरुपयोगी असते. ती बंद करून कानांनी गावे.

कॅसेट सी-६० घ्यावी. सी-९० ची फीत पातळ असते आणि सी-१२० ची त्याहून पातळ, ती ताणली जाते. कॅसेटवर ‘टाइप २’ असे छापलेली फीत वापरत असल्यास यंत्रही त्याच खुणेवर लावावे. हेड (फीत ज्याला घासून जाते तो यंत्राचा भाग) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावे. माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी वापरण्याआधी फितीवर पांढुरका थर आहे का पाहावे. बुरशी असलेली एक कॅसेट हेड घाण करते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी बिघडवते. शिवाय तिच्यावर आजोबांचा आवाज नाही ना, हे पूर्ण ऐकूनच तिच्या मागच्या कडेच्या तुटलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावावी; ती लावली की कॅसेटवर पुन्हा मुद्रण होते.

पातळी ठरवण्यासाठी गाण्याची तीस सेकंदे तीन वेळा पाठवावीत: काटा शून्याच्या खाली, शून्यावर, आणि शून्याच्या थोडा वर. तिन्ही परत आणून सारख्याच मोठ्या आवाजात ऐकावीत. सहसा मधली किंवा तिसरी निवडली जाते, पण हा निर्णय डोळ्यांनी करू नये.

टप्पा ९: अल्बम म्हणून एकत्र करणे

सगळी गाणी एका ओळीत मांडून फक्त गळा सारखाच मोठा वाटतो का ते पाहावे; मीटरचे आकडे सारखे करण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीवर गाणी आणते, म्हणून त्याहून बरेच मोठे केलेले गाणे तिथे खालीच ओढले जाते, आणि मोठे करताना वर आलेली सळसळ मात्र तशीच राहते. उच्चतम शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे.

प्रत्येक मुद्रणाला अक्षरे आणि अंक मिळून बारा चिन्हांचा आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळख-क्रमांक, लागतो. तेच मुद्रण पुन्हा प्रकाशित केले तर तोच क्रमांक ठेवावा. नवे मिक्स असेल तर नवा घ्यावा. गीतकार आणि संगीतकार या रकान्यांत टोपणनाव न लिहिता पूर्ण नाव लिहावे, आणि रोमन लिपीतले शीर्षकाचे स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे.

शेवटी प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या सलग फाइलमध्ये काढून, गाण्याच्या कागदाच्या फोटोसह दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावा. त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी; आणि कॅसेट, पुन्हा मुद्रण होऊ नये म्हणून मागच्या कडेची खाच तोडून, स्पीकरपासून दूर, कोरड्या डब्यात उभी ठेवावी.